शिशिरकुमार मित्र
शिशिरकुमार मित्र (२४ ऑक्टोबर १८९० – १३ ऑगस्ट १९६३) हे आयनांबराच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते. १९२३ मध्ये फ्रान्सहून परतल्यावर त्यांनी कोलकाता विद्यापीठात रेडिओविज्ञानाच्या अध्यापनाचा व संशोधनाचा पाया घातला.

सूर्य माथ्यावर असतो तेथे आयनीभवन सर्वाधिक असावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दिवसा एफ-२ थरातील इलेक्ट्रॉनांची घनता चुंबकीय विषुववृत्तावर कमी, तर त्याच्या उत्तरेस व दक्षिणेस सुमारे १५ अंशांवर जास्त आढळते. ॲपल्टन यांनी १९४६ मध्ये या विसंगतीकडे लक्ष वेधले. विषुववृत्तावर फार उंचीवर निर्माण झालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्ररेषांना अनुसरून दोन्ही बाजूंस खाली विसरतात, असे स्पष्टीकरण मित्र यांनी त्याच वर्षी मांडले. केवळ विसरण पुरेसे ठरले नाही. विद्युत्‌ क्षेत्रामुळे आयनद्रव्य आधी वर उचलले जाते, ही बाब पुढे मार्टिन यांनी जोडली. मात्र क्षेत्ररेषांवरील विसरण हा आजच्या उपपत्तीचाही आवश्यक भाग आहे. खुद्द कोलकाता या पट्ट्याच्या उत्तर शिखराजवळ येते.

'द अपर ॲटमॉस्फिअर' हा त्यांचा ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.