नोटेशन आधी की कान? मुलांना ऐकून व्हायोलिन शिकवणारे शिनिची सुझुकी कोण होते?

मुलाला व्हायोलिनच्या क्लासला घातलं की पालकांना पहिला प्रश्न पडतो. आधी नोटेशन वाचायला शिकवायचं की ऐकून वाजवायला? जपानच्या शिनिची सुझुकी यांनी या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आयुष्य घालवलं. (मारुती-सुझुकीच्या सुझुकींशी त्यांचा संबंध नाही.)

कारखान्यातला मुलगा

सुझुकी यांचा जन्म १८९८ मध्ये नागोया शहरात झाला. वडील मासाकिची यांचा व्हायोलिनचा मोठा कारखाना होता, पण शिनिचीसाठी व्हायोलिन म्हणजे फक्त खेळणं. सतराव्या वर्षी त्यांनी ग्रामोफोनवर मिशा एल्मन यांचं वादन ऐकलं आणि ते थक्क झाले. कारखान्यातलं एक व्हायोलिन घरी आणून ते रेकॉर्ड ऐकत ऐकत वाजवू लागले. पुढे १९२१ मध्ये ते जर्मनीला गेले आणि बर्लिनमध्ये कार्ल क्लिंगलर यांच्याकडे शिकले.

कल्पना सुचली कशी?

जपानला परतल्यावर १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एका वडिलांनी चार वर्षांच्या तोशिया एतोला त्यांच्याकडे आणलं. ज्याला अक्षरओळखही नाही, त्याला शिकवायचं कसं? तेव्हा सुझुकी यांच्या लक्षात आलं की प्रत्येक मूल मातृभाषा सहज बोलतं. ते आधी ऐकतं, मग बोलतं आणि वाचायला शेवटी शिकतं. संगीतही याच क्रमाने का शिकवू नये? हाच एतो पुढे नामवंत व्हायोलिनवादक झाला.

सुझुकी पद्धत म्हणजे काय?

- शिकायच्या धून घरी रोज ऐकायच्या.
- आई किंवा वडिलांनी क्लासला सोबत बसायचं आणि घरी सराव करून घ्यायचा.
- मुलाच्या मापाचं छोटं व्हायोलिन द्यायचं.
- जुनी धून सोडायची नाही, ती पुन्हा पुन्हा वाजवायची.
- हात आणि सूर बसल्यावरच नोटेशन वाचायला शिकवायचं.
- प्रवेशासाठी परीक्षा नाही.

युद्धानंतर

दुसऱ्या महायुद्धात व्हायोलिनचा कारखाना बंद पडून तिथे विमानांचे भाग बनू लागले. आई-वडील गमावलेल्या कोजी तोयोदा या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला सुझुकींनी घरी आणून सांभाळलं. कोजीही पुढे मोठा वादक झाला. युद्ध संपल्यावर मात्सुमोतो गावात सुझुकींनी शाळा सुरू केली. १९५५ मध्ये टोकियोत हजाराहून अधिक मुलांनी एकत्र व्हायोलिन वाजवलं. १९६४ मध्ये दहा मुलांना घेऊन ते अमेरिकेला गेले आणि तिथल्या शिक्षकांनी ही पद्धत उचलून धरली.

टीका काय होते?

ऐकून शिकलेली मुलं नोटेशन वाचण्यात मागे पडतात, असा आक्षेप आजही घेतला जातो. तो अगदीच चुकीचा नाही. वाचन फार लांबवलं, तर ऑर्केस्ट्रात नवा कागद समोर आला की मूल अडखळतं. मात्र सुझुकींनी वाचनाला विरोध केला नव्हता. त्यांची व्हायोलिनची दहा पुस्तकं नोटेशनमध्येच आहेत. त्यांचा आग्रह फक्त क्रमाचा होता.

गुरूसमोर बसून ऐकत शिकण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी वाटत नाही.

सुझुकी यांचं २६ जानेवारी १९९८ रोजी मात्सुमोतोत निधन झालं. तेव्हा ते ९९ वर्षांचे होते. प्रत्येक मुलाला वादक बनवणं हा त्यांचा हेतू नव्हता. युद्धात होरपळलेल्या देशात मुलं चांगली माणसं व्हावीत, यासाठी त्यांनी त्यांच्या हाती व्हायोलिन दिलं होतं.