सांकवाळहून हिंदुस्थानात : धर्मानंद कोसंबी यांचा पहिला मोठा प्रवास

गेल्या मे महिन्यात मंडळाच्या बैठकीत जमाखर्च मंजूर झाला, वर्गणीचा विषय झाला आणि चहा येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. आपल्यातील दोन कुटुंबे दिवाळीनंतर मुलांकडे अमेरिकेला निघाली आहेत. पंचवीस दिवस आणि सहा शहरे. व्हिसाची मुलाखत, आजारपणाचा विमा, एका शहरातून दुसऱ्या शहरात विमानाने जावे की रेल्वेने, थंडीचे कपडे इथून न्यावेत की तिथे घ्यावेत, लोणच्याची बरणी विमानतळावर अडवतात का, अशा चर्चेत तास कसा गेला ते कळले नाही. आमच्यासारख्या सरकारी नोकराला तर या सगळ्याच्या आधी खात्याचे ना-हरकत पत्र लागते, त्यामुळे आम्ही ऐकण्याचेच काम केले. ऐकता ऐकता आपल्याच गोव्यातील एका माणसाची आठवण आली. हातात नकाशा नाही, तिकीट नाही, पुढच्या गावात ओळखीचे कोणी नाही, अशा स्थितीत तो एका अफाट परक्या देशात शिरला आणि सात वर्षे फिरत राहिला. ते म्हणजे धर्मानंद दामोदर कोसंबी. यंदाच्या स्मरणिकेसाठी त्यांच्यावर लिहायचे आम्ही त्याच दिवशी ठरवले.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी सांकवाळ येथे झाला. सांकवाळ जुन्या काबिजादीतले गाव. तिथला लक्ष्मीनृसिंह सोळाव्या शतकातच वेलिंगला हलवावा लागला होता. आपली डिचोली पोर्तुगीजांकडे आली ती त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, नव्या काबिजादीत. त्यामुळे आपल्या भागातील देवळे जागेवर राहिली आणि मराठीही टिकून राहिली. सांकवाळात तसे नव्हते. धर्मानंदांना गावातल्या गावात मराठी लिहिण्यावाचण्यापुरते शिक्षण मिळाले आणि पुढे घरच्या माडांच्या बागेची राखण व देखरेख त्यांच्या वाट्याला आली. शाळेत जाण्याच्या वयात नारळ मोजायचे, पाडेल्यांवर लक्ष ठेवायचे. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाले. पत्नी लाड घराण्यातील बाळाबाई.

मराठी वाचता येत होते, एवढीच त्यांची शिदोरी. मुंबईहून निघणारे ‘बालबोध’ हे विनायक कोंडदेव ओक यांचे मुलांचे मासिक त्यांच्या हाती पडे. त्यात बुद्धाचे छोटेसे चरित्र आले होते. ते वाचून या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट बसली ती कायमची. बुद्धाने काय सांगितले ते मुळातून कळले पाहिजे, त्यासाठी आधी संस्कृत आले पाहिजे आणि गोव्यात राहून ते येणार नाही. मुलांसाठीच्या मासिकातील चार पानांवरून एखाद्याचे आयुष्य असे वळते, हे आम्हाला फार विलक्षण वाटते. आज आपल्या घरांत मासिके येत नाहीत हा वेगळा विषय.

निघण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हता. पूर्वी एकदा ते कोल्हापूरपर्यंत जाऊन परत आले होते. घरची ओढ आणि परमुलखातील एकटेपण यांनी त्यांना मागे खेचले. अखेर १८९९ सालच्या शेवटी ते पुण्याला जाण्यासाठी निघाले. वय तेवीस.

सांकवाळहून पुण्याला जाणे हा परदेशप्रवास कसा, असे तरुण वाचकांना वाटेल. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांना तसे वाटणार नाही. दोडामार्ग आज आपल्याला भाजीला जाण्याइतका जवळ आहे, पण १९६१ पूर्वी मध्ये सीमा होती, चौक्या होत्या, आणि १९५५ नंतरच्या नाकेबंदीत पलीकडच्या नातेवाइकांचे तोंड पाहणेही अवघड झाले होते. १८९९ साली पोर्तुगीज गोवा हा एक देश होता आणि घाटापलीकडे इंग्रजांचा हिंदुस्थान होता. मुरगाव बंदरातून निघणारी रेल्वे १८८८ पासून सुरू होती. ती कुळ्याहून घाट चढून कॅसलरॉकला गेली की सरकार बदले, जकात बदले, कचेरीची भाषा बदले. पोर्तुगीज कागदपत्रे आणि कोकणी बोली मागे राहत. पुढे जो मुलूख पसरला होता, तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहायचा तर आयुष्य पुरले नसते.

काळही वाईट होता. १८९६ पासून मुंबई-पुण्यात प्लेग ठाण मांडून बसला होता. रेल्वे स्थानकांवर उतारूंची तपासणी होई, संशय आला की माणसाला अलग ठेवत. त्याच वर्षी पाऊस हुकला आणि गुजरात, राजपुताना, मध्य हिंदुस्थानात छप्पन्नचा दुष्काळ म्हणून ओळखला जाणारा भयंकर दुष्काळ पडला. शहाणा माणूस अशा वर्षी उंबरठ्याबाहेर पडला नसता.

त्यातून घरात त्याच वर्षी जन्मलेली मुलगी होती, माणिक. बैठकीत आम्ही हे सांगताच मंडळाच्या एका ज्येष्ठ काकींनी कप खाली ठेवला आणि स्पष्ट विचारले की तान्ह्या लेकराला आणि बायकोला टाकून जाणाऱ्याचे कौतुक आपण कशासाठी करायचे. प्रश्न रास्त आहे. बुद्धाच्या चरित्राने भारलेल्या माणसाने बुद्धासारखेच घर सोडले, असे म्हणून तो सुटत नाही. राजवाड्यात दासदासी होत्या. सांकवाळच्या घरात बाळाबाईंना सासरच्या माणसांत राहून, मूल वाढवून, नवरा कुठे आहे या प्रश्नाला तोंड द्यायचे होते. त्या काळात नवऱ्याने टाकलेल्या बाईला गावात काय ऐकून घ्यावे लागे, ते आपल्या आज्या जाणतात. या लेखात धर्मानंदांच्या जिद्दीबद्दल जे जे लिहिले आहे, त्याचा अर्धा खर्च बाळाबाईंच्या खात्यावर मांडला पाहिजे, असे आमचे मत आहे.

आता प्रवासाकडे वळू. आपण सहल ठरवतो तेव्हा सगळी शहरे, सगळी मुक्कामे आधी लिहून काढतो. धर्मानंदांकडे फक्त एक क्रम होता. आधी संस्कृत, मग बौद्ध धर्म जिथे जिवंत असेल तिथे जायचे. पुढचा पत्ता आधीच्या मुक्कामावर मिळवायचा. पुण्यात त्यांना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे मार्गदर्शन मिळाले, प्रार्थना समाजाच्या मंडळींचा आधार मिळाला. संस्कृताचा पक्का अभ्यास करायचा तर काशी, हे ठरले. ग्वाल्हेरमार्गे ते काशीला पोहोचले. तिथे अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्र्यांच्या घरी जाऊन शिकायचे, असा गरीब विद्यार्थ्यांचा जुना रिवाज होता. त्या रिवाजाने त्यांचे दिवस निघाले. गंगाधरशास्त्री तैलंगांसारख्या पंडिताकडे त्यांना पाठ मिळाला. थंडीत पुरेसे पांघरूण नाही, काशीतही प्लेगची भीती, आणि घरून मदतीची आशा नाही. तरीही त्यांनी तिथे दीड-दोन वर्षे काढली. आमच्या मते सगळ्या प्रवासात हाच मुक्काम सर्वांत महत्त्वाचा. इथे मिळवलेले संस्कृत पुढे नेपाळपासून सिंहलद्वीपापर्यंत चालणारे नाणे ठरले. जिथे मराठी कोणी समजत नव्हते, तिथेही पंडितांशी बोलण्याची सोय झाली.

१९०२ च्या सुरुवातीला एका नेपाळी सहाध्यायी पंडिताच्या सोबतीने ते नेपाळात गेले. बुद्धाचा जन्म त्या बाजूचा, तेव्हा तिथे धर्म नक्की सापडेल ही समजूत. तराईचे रान, डोंगरांच्या चढणी, पायी चाल आणि शेवटी काठमांडू. स्वयंभूचा स्तूप पाहिला, पण जे शोधायला आले होते ते तिथे दिसले नाही. धर्माचे आचरण बघून त्यांची घोर निराशा झाली. इतक्या हालांनी गाठलेला मुक्काम चुकीचा निघाला. आपले हॉटेल चित्रात दिसले तसे निघाले नाही तर आपण दोन दिवस धुसफुसतो. धर्मानंद परत फिरले आणि बोधगयेला गेले. तिथे त्यांना कळले की कलकत्त्याला महाबोधी सभा आहे, तिच्याकडे गेल्यास सिंहलद्वीपाची वाट सापडेल.

कलकत्ता, मद्रास आणि मग समुद्र ओलांडून कोलंबो. तिथल्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांकडे त्यांचे पाली शिकणे सुरू झाले. सांकवाळच्या बागेत वाचलेल्या चार पानांची मूळ भाषा अखेर हाती आली. श्रामणेराची दीक्षाही त्यांनी तिथेच घेतली. तिथले अन्न मात्र त्यांना मानवेना. वर्षभरात ते मद्रासला परतले, तिथून ब्रह्मदेशात गेले, भिक्षू झाले. मधल्या काळात उत्तर हिंदुस्थानातील बौद्ध स्थळे भिक्षूच्या वेशात, बऱ्याच अंशी पायी पाहिली. पुन्हा ब्रह्मदेश, आणि १९०६ साली कलकत्ता. तोवर निघून सात वर्षे होत आली होती.

कलकत्त्यात स्वदेशीची चळवळ जोरात होती. तिथल्या नॅशनल कॉलेजात व पुढे विद्यापीठात त्यांना पाली शिकवण्याचे काम मिळाले. त्यांनी चीवर उतरवले आणि गोव्याला येऊन बाळाबाईंना भेटले. माणिक सात वर्षांची झाली होती. संसार पुन्हा सुरू झाला. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात मुलगा झाला, तो दामोदर. गणित आणि इतिहास या दोन्ही क्षेत्रांत ज्यांचे नाव जगभर घेतले जाते ते डी. डी. कोसंबी हेच. पुढे मनोरमा आणि कमला या मुली झाल्या.

कलकत्ता विद्यापीठातील अडीचशे रुपयांची नोकरी सोडून ते महाराष्ट्रात आले, तेही सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेल्या महिना पन्नास रुपयांवर. अट एवढीच की महाराष्ट्रात कुठेही राहावे आणि वर्षाला एक पुस्तक द्यावे. वेतनश्रेणीचा हिशेब ठेवणाऱ्या आम्हाला हा आकडा पचायला वेळ लागला. बौद्ध धर्म मराठी माणसाला मराठीत कळावा, या एका हेतूने त्यांनी दोनशे रुपयांवर पाणी सोडले.

अमेरिकेचा प्रवास त्यानंतरचा. हेन्री क्लार्क वॉरेन हे अमेरिकन पंडित विशुद्धिमग्ग या थोर पाली ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करीत होते. ते काम अर्धवट ठेवून जानेवारी १८९९ मध्ये वारले. त्याच वर्षाच्या शेवटी धर्मानंदांनी घर सोडले होते. पुढे हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी परिचय झाला आणि हे अर्धे काम पुरे करण्यासाठी १९१० साली धर्मानंद लंडनमार्गे बॉस्टनशेजारच्या केंब्रिजला गेले. या वेळी बोलावणे होते, वाटखर्च होता, उतरल्यावर कोणाकडे जायचे ते ठाऊक होते. तरी मनस्ताप चुकला नाही. ग्रंथावर त्यांच्या कामाचा उल्लेख कसा व्हावा, यावरून तिथले प्रा. लॅनमन यांच्याशी बिनसले आणि १९१२ साली ते परत आले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात सहा वर्षे पाली शिकवली.

१९१८ ते १९२२ या दुसऱ्या खेपेला ते एकटे गेले नाहीत. माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर बरोबर होते. जिला तान्ही सोडून ते निघाले होते, ती माणिक अमेरिकेत रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवीधर झाली. काकींना हे सांगितल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण बाळाबाईंना का नेले नाही असे त्यांच्या चेहऱ्यावर होते.

त्यानंतर आणखी दोन वेळा अमेरिका, १९२९ मध्ये रशियातील लेनिनग्राड, मधल्या काळात अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात ते शिरोड्याला उतरले. पेडण्याच्या लोकांना शिरोडा म्हणजे तेरेखोल ओलांडली की आलेच. गोव्याच्या या सुपुत्राने सत्याग्रह केला तो गोव्याच्या वेशीवर, आणि पुढे तुरुंगवासही भोगला. परळला गिरणी कामगारांच्या वस्तीत बहुजन विहार उभारला. ‘भगवान बुद्ध’ हे त्यांचे पुस्तक अजूनही मराठी घरांत सापडते. विशुद्धिमग्गाची देवनागरी आवृत्ती त्यांनी १९४० साली मुंबईत छापून घेतली. हार्वर्डची प्रत मात्र १९५० साली निघाली. वॉरेन यांच्याबरोबर तिच्यावर धर्मानंदांचेही नाव आहे. ते पाहायला ते नव्हते. सेवाग्राम येथे अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला होता.

अमेरिकेला निघालेल्या दोन्ही कुटुंबांच्या यादीत बॉस्टन आहेच. तिथे पोहोचल्यावर अर्धा दिवस केंब्रिजसाठी काढा, असे आम्ही त्यांना सुचवले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे. सांकवाळ तर डिचोलीहून दीड तासाच्या वाटेवर आहे. आपल्यातील काहींची मुले तिथल्याच हद्दीत असलेल्या बिट्सच्या महाविद्यालयात शिकतात आणि तिथूनच अमेरिकेचे अर्ज भरतात. त्यांना सोडायला-आणायला आपण कितीदा जाऊन आलो असू, पण गावात कधी वळलो नाही. चवथ आटोपली की एखाद्या रविवारी मंडळाची बस करून वेलिंग आणि सांकवाळ असा दिवस काढायचे ठरत आहे. नावे कार्यालयात नोंदवावीत. काकींचे नाव पहिले आहे.