जॉर्ज स्टीफन

जॉर्ज ए. स्टीफन (इ.स. १९२१ – फेब्रुवारी, इ.स. १९९३) हे एक अमेरिकन संशोधक व उद्योजक होते. कोळशावर चालणारी, घुमटाकार झाकणाची ‘केटल ग्रिल’ ही शेगडी त्यांनी इ.स. १९५२ च्या सुमारास तयार केली. ‘वेबर-स्टीफन’ या कंपनीचे ते संस्थापक होत. उघड्या विस्तवावर घाईने मांस भाजण्याच्या अमेरिकन परसदारी पद्धतीला त्यांच्या या साधनामुळे मंद आचेवर तासन्‌तास शिजवण्याची जोड मिळाली.

पार्श्वभूमी

स्टीफन हे शिकागो येथील ‘वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स’ या धातुकामाच्या कारखान्यात काम करीत असत. त्यांचे घर शिकागोजवळच्या माउंट प्रॉस्पेक्ट या उपनगरात होते. त्यांना बारा अपत्ये होती. त्यामुळे घरचा स्वयंपाक हा नेहमीच मोठ्या प्रमाणावर होई.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांभोवती उपनगरे झपाट्याने वाढली. घरामागे मोकळे अंगण आणि सुट्टीच्या दिवशी तेथे कोळशावर मांस भाजणे ही मध्यमवर्गीय कुटुंबांची रीत झाली. त्यासाठी विटांची पक्की चूल बांधली जाई किंवा पायांवर उभी असलेली उथळ, उघडी परात वापरली जाई. दोहोंत दोष एकच होता, तो म्हणजे विस्तवावर ताबा नसणे. वारा आला की निखारे फुलून मांस करपे, पाऊस आला की विस्तव विझे, आणि वाऱ्याच्या झोताबरोबर राख उडून अन्नावर बसे. स्टीफन यांच्या परसातही अशी विटांची चूल होती आणि तिच्या या तऱ्हांना ते कंटाळले होते.

केटल ग्रिलची निर्मिती

वेबर ब्रदर्सच्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये तयार होत. दोन अर्धगोल एकमेकांना जोडून असा बोया बनवला जाई. तो जोडण्याऐवजी वेगळा ठेवला तर खालचा अर्धगोल कोळशाचे भांडे होईल आणि वरचा त्याचे झाकण होईल, हे स्टीफन यांच्या ध्यानात आले. त्यांनी खालच्या भागाला तीन पाय व वरच्या भागाला मूठ बसवली, आत जाळी ठेवली आणि ते साधन घरी नेले.

पहिला प्रयोग फसल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. झाकण लावताच विस्तव विझू लागला, कारण आत हवा जाण्यास वाटच नव्हती. ते पाहणाऱ्या एका शेजाऱ्याने विस्तवाला हवा हवी असल्याचे सुचवले आणि स्टीफन यांनी झाकणाला भोके पाडली, असे सांगितले जाते. त्या शेजाऱ्याचे नाव सहसा कोठे येत नाही. परंतु केटल ग्रिलचे मर्म झाकणापेक्षा या भोकांत आहे हे लक्षात घेतले, तर शोधाच्या श्रेयाचा काही वाटा त्याच्याकडेही जातो.

प्रारंभी हे साधन ‘जॉर्जेस बार्बेक्यू केटल’ या नावाने विकले गेले. गोल शरीर आणि तीन बारीक पाय यांमुळे, सोव्हिएत संघाने इ.स. १९५७ मध्ये स्पुटनिक उपग्रह सोडल्यानंतर, लोक त्याला गमतीने ‘स्पुटनिक’ म्हणू लागले. उघड्या परातीच्या तुलनेत ते महाग होते आणि झाकण लावून मांस भाजणे ही कल्पना ग्राहकांना अपरिचित होती. त्यामुळे केवळ वस्तू दुकानात मांडून भागत नसे, ती वापरून दाखवावी लागे. बारा मुलांचा संसार असताना एका नव्या वस्तूच्या भरवशावर व्यवसाय उभा करणे हे धाडसाचेच होते. तरीही १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्टीफन यांनी वेबर ब्रदर्स हा कारखानाच विकत घेतला व पुढे शेगड्यांच्या उत्पादनावर सर्व भर दिला. जुन्या मालकांचे नाव त्यांनी टाकून दिले नाही. त्यालाच आपले नाव जोडून ‘वेबर-स्टीफन’ हे नाव रूढ झाले.

रचना व कार्य

केटल ग्रिलमध्ये दोन जाळ्या असतात. खालच्या जाळीवर कोळसा व वरच्या जाळीवर अन्न ठेवतात. भांड्याच्या तळाशी आणि झाकणावर कमी-अधिक उघडता येणारी झरोके असतात. तळातून थंड हवा आत येते, निखाऱ्यांतून तापून वर चढते, घुमटाच्या आतल्या बाजूने फिरते आणि वरच्या झरोक्यातून बाहेर पडते. अन्नाला खालून धग आणि वरून गरम हवा अशी दोन्हींकडून उष्णता मिळते. आच कमी-जास्त करण्यासाठी कोळसा काढावा वा घालावा लागत नाही. झरोका थोडा मिटला की प्राणवायू कमी पडून निखारे मंदावतात. भट्टीत भाजलेल्या काचेच्या मुलाम्यामुळे पत्रा गंजत नाही.

महाराष्ट्रात पूर्वी घरोघरी असलेल्या लोखंडी शेगडीचे तत्त्व याहून फार वेगळे नाही. तिलाही मध्ये जाळी आणि खाली हवा येण्यासाठी तोंड असते, आणि त्याच तोंडातून राख काढतात. फरक झाकणाचा आहे. शेगडी वरून उघडी असल्याने तिची आच वाढवता येते, पण दीर्घकाळ एकाच मंद पातळीवर धरून ठेवणे कठीण जाते.

मंद आच आणि राखेचा प्रश्न

डुकराच्या खांद्याचे किंवा गाईच्या छातीचे चिवट मांस मऊ होण्यासाठी त्यातील कोलॅजेन विरघळावे लागते. त्यासाठी सुमारे १०७ ते १२१ अंश सेल्सियस इतक्या हवेत ते कित्येक तास, कधी दहा-बारा तासही ठेवतात. केटल ग्रिल मुळात अशा कामासाठी बनलेली नव्हती, तरी वापरणाऱ्यांनी तिच्याकडून ते करून घेतले. कोळशाच्या वड्या भांड्याच्या कडेने अर्धवर्तुळाकार ओळीत रचायच्या आणि एकाच टोकाला मोजके पेटते निखारे ठेवायचे, ही त्यातील प्रचलित युक्ती होय. उदबत्ती जशी टोकाकडून हळूहळू जळत जाते, तसा विस्तव त्या ओळीतून सरकत राहतो.

या कामात खरा अडथळा राखेचा असतो. दाबून केलेल्या कोळशाच्या वड्यांत पिष्टमय बंधक व काही खनिज द्रव्ये मिसळलेली असतात, म्हणून त्यांची राख लाकडी कोळशाच्या तुकड्यांपेक्षा अधिक पडते. (अमेरिकेत या वड्यांचा प्रसार होण्यात हेन्री फोर्ड यांचा मोठा वाटा आहे, मोटारींसाठी लागणाऱ्या लाकडाच्या टाकाऊ भागापासून त्यांच्या कंपनीने १९२० च्या दशकात असा कोळसा बनवला.) राख दोन ठिकाणी साचते. निखाऱ्यावर बसलेला तिचा थर हवा अडवतो व धग आतच कोंडतो. तळाशी पडलेली राख त्याहून त्रासदायक असते, कारण हवा आत येण्याचे झरोके तेथेच असतात. सात-आठ तासांनी ते बुजू लागले की, कोळसा शिल्लक असूनही तापमान उतरते. अशा वेळी झाकण उघडून निखारे ढवळण्याचा मोह होतो, पण तो घातक ठरतो. साचलेली उष्णता निघून जाते, एकदम मिळालेल्या हवेने सगळे निखारे भडकतात आणि उडालेली राख मांसावर बसते. म्हणून सुरुवातीलाच तळ पूर्ण स्वच्छ करणे, मागच्या वेळची राख आत न ठेवणे आणि मध्ये झाकण न उघडता तळातील राख खाली पाडणे हेच योग्य मानले जाते.

जुन्या केटल ग्रिलमध्ये तळाला तीन स्वतंत्र झरोके असत आणि राख खालच्या पसरट ताटलीत पडे. पुढे कंपनीने एकाच दांड्याने फिरणारी तीन पाती बसवली. दांडा हलवला की पाती झरोके उघडतात-मिटतात आणि जाता-येता तळातील राखही झाडून खाली लोटतात. हवा आणि राख हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत, हे या सुधारणेत चांगले दिसते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस कंपनीने केवळ मंद धुरावर शिजवण्यासाठी ‘स्मोकी माउंटन कुकर’ हे उभे नळकांडीसारखे साधनही बाजारात आणले.

अशा शेगडीच्या वापरात दोन धोके आहेत. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा रंग-गंधहीन विषारी वायू बाहेर पडतो, त्यामुळे ती घरात किंवा बंद गॅरेजमध्ये कधीही पेटवू नये. तसेच वरून पांढरी व थंड दिसणाऱ्या राखेत निखारे एक-दोन दिवसही जिवंत राहू शकतात; ती झाकणाच्या धातूच्या बादलीत पूर्ण निवू द्यावी लागते.

उत्तरकाळ

स्टीफन यांच्या हयातीतच, इ.स. १९८५ मध्ये, कंपनीने ‘जेनेसिस’ ही गॅसवर चालणारी शेगडी आणली आणि राखेचा प्रश्नच नसलेला एक नवा ग्राहकवर्ग तिला मिळाला. कोळशाची केटल मात्र त्यामुळे मागे पडली नाही. तिचा मूळ आकार जवळजवळ तसाच राहिला. कंपनीचे मुख्य कार्यालय इलिनॉयमधील पॅलाटाइन येथे आहे.

स्टीफन यांचे इ.स. १९९३ मध्ये वयाच्या ७१ व्या वर्षी निधन झाले. त्यांच्यानंतर कंपनी कुटुंबाकडे राहिली. इ.स. २०१० मध्ये तिचा बहुतांश हिस्सा ‘बीडीटी कॅपिटल पार्टनर्स’ या गुंतवणूक संस्थेने घेतला.