सिंदखेडची लेक आणि आजची तरुण पिढी

दरवर्षीं जानेवारीच्या १२ तारखेस आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेडराजा येथें महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून तरुणांचे जथे लोटतात. लखुजीराव जाधवांच्या वाड्याचा दरवाजा त्या दिवशीं माणसांनीं फुलून जातो, पोवाडे होतात, व्याख्यानें होतात, आणि जिजाबाईंच्या नांवाच्या जयघोषानें गांव दुमदुमून जातें. योगायोग असा कीं, स्वामी विवेकानंदांचा जन्मही १८६३ सालीं याच तारखेस झाला, आणि १९८५ पासून भारत सरकार हा दिवस राष्ट्रीय युवक दिन म्हणून पाळीत आलें आहे. तरुणांच्या राष्ट्राभिमानास नाक मुरडणारा एक वर्ग समाजांत आहे. त्या वर्गांत आम्ही नाहीं. ज्या देशाच्या तरुणांस आपल्या पूर्वजांचा अभिमान वाटत नाहीं, त्या देशाच्या भविष्याची आशा कोणी धरावी? परंतु अभिमान हें भांडवल आहे; तें व्यवहारांत गुंतविलें तरच वाढतें, कुलपांत ठेवलें तर व्याजासही मुकतें, हें व्यापारी वाचकांस आम्हीं सांगावयास नको. म्हणून ज्या माउलीच्या नांवानें हा उत्सव होतो तिचें चरित्र एकवार नीट पाहावें, आणि तें आपल्याकडून काय मागतें याचा हिशेब मांडावा, एवढाच आजच्या लेखाचा हेतु आहे.

जिजाबाईंचा जन्म सिंदखेड येथें सन १५९८ च्या पौष पौर्णिमेस झाला असें मानलें जातें. वडील लखुजी जाधवराव, आई म्हाळसाबाई. देवगिरीच्या यादवांशीं आपला वंश जोडणारें हें घराणें निजामशाहीच्या मातबर सरदारांपैकीं एक होतें. वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे पुत्र शहाजी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. माहेर शूर, सासर शूर. पण दोन्हीकडच्या तलवारी परक्या तख्तांच्या चाकरींत. निजामशाही, आदिलशाही व मोंगल यांच्या ओढाताणींत आज इकडे तर उद्यां तिकडे अशी सरदारांची स्थिति होती. १६२४ च्या भातवडीच्या लढाईंत शहाजीराजे मलिक अंबराच्या बाजूनें लढले, तर लखुजीराव मोंगलांच्या पक्षास होते. त्यापूर्वीं दरबाराबाहेर एक हत्ती बिथरल्याचें निमित्त होऊन जाधव-भोसल्यांत चकमक उडाली, आणि जिजाबाईंचा भाऊ दत्ताजी व शहाजीराजांचा चुलतभाऊ संभाजी हे दोघेही तींत पडले, अशी हकीकत बखरींतून येते. ज्या स्त्रीनें माहेरचें व सासरचें रक्त एकाच मातींत सांडलेलें पाहिलें, तिला परक्यांच्या चाकरीची किंमत दुसऱ्या कोणी शिकवावयास नको होती.

पण याहून मोठा घाव पुढेंच होता. जुलै १६२९ मध्यें लखुजीराव निजामशाहाच्या भेटीस दौलताबादेस गेले असतां भर दरबारांत त्यांचा, त्यांच्या मुलांचा व नातवाचा घात झाला. ज्या तख्ताची पिढ्यान्पिढ्या चाकरी केली त्याच तख्तानें हें इनाम दिलें! सिंदखेडास लखुजीरावांची समाधि आजही उभी आहे. या घटनेस आठ महिने लोटले नाहींत तोंच, १९ फेब्रुवारी १६३० रोजीं, शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. त्याच सुमारास दक्षिणेंत भयंकर दुष्काळ पडला. गांवें ओस पडलीं, माणसें अन्नान्न करून मेलीं. वडिलांचा वध, पति रणांगणावर आणि मुलूख उजाड, अशा काळांत त्या मातेनें मूल वाढविलें. स्वराज्याची कल्पना सुखवस्तु घराच्या ओसरीवर सुचलेली नव्हे; ती या दुःखांतून निघाली.

१६३६ सालीं निजामशाही बुडाली, शहाजीराजे आदिलशाहींत गेले, आणि पुढें थोरले पुत्र संभाजी यांसह त्यांचा मुक्काम कर्नाटकांत पडला. जिजाबाई धाकट्या मुलास घेऊन पुणें जहागिरींत आल्या. पुणें त्या वेळीं शहर नव्हतेंच. आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें तें जाळून लुटलें होतें, आणि तेथें गाढवाचा नांगर फिरवून पहार ठोकली होती अशी परंपरा आहे. म्हणजे या भूमींत पुन्हां कोणीं वस्ती करूं नये अशी जणूं बंदीच. त्या जमिनीवर जिजाबाईंनीं बाळ शिवाजीच्या हातून सोन्याच्या फाळाचा नांगर धरविला असें लोक सांगतात. कथा पुढील काळांत रंगली असेल. पण जहागिरींत पुन्हां वस्ती झाली, जमिनी लागवडीस आल्या, कसब्यांत गणपतीचें देऊळ व जवळच लाल महाल उभा राहिला, ही गोष्ट कथा नव्हे. शहाजीराजांनीं नेमलेल्या कारभाऱ्यांच्या साह्यानें हें काम चाललें, आणि त्यावर मातेची नजर होती. तरुण वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. स्वराज्याचा आरंभ किल्ल्यापासून झाला असें आपण शाळेंत शिकतों. वास्तविक त्याच्याही आधीं पळून गेलेल्या कुणब्यास त्याच्या शेतावर परत आणण्यापासून तो झाला. ज्याला उद्यांचें पीक आपल्या हातीं येईल असा भरवसा नाहीं, त्याच्यापाशीं देशाभिमानाच्या गोष्टी बोलून काय उपयोग?

या शिकवणीचें फळ लौकरच दिसलें. रांझें गांवच्या पाटलानें एका स्त्रीवर बदअंमल केला. जानेवारी १६४६ च्या पत्रावरून दिसतें कीं, त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा झाली व पाटिलकी जप्त झाली. शिक्षा देणारा राजपुत्र तेव्हां पुरा सोळा वर्षांचाही नव्हता! शिक्षेची ती तऱ्हा त्या काळाची होती, आजच्या कायद्यास ती मान्य होणार नाहीं. आम्हांस महत्त्व वाटतें तें दुसऱ्याच गोष्टीचें. अपराधी गांवचा वतनदार होता, आणि जिच्यावर अन्याय झाला ती साधी रयत होती. अशा खटल्यांत त्या काळीं काय होत असे, किंबहुना आजही पुष्कळदां काय होतें, हें वकिलीच्या धंद्यांत वर्षें घालविलेल्या माणसास विचारावें. त्या मुलाच्या मनांत स्त्रीच्या अब्रूची किंमत वतनापेक्षां अधिक ठरली. ही तराजू कोणाच्या घरांत तयार झाली हें सांगावयास पुरावा मांडण्याची गरज आहे काय?

पुढील वर्षें अग्निपरीक्षेचीं होतीं. १६४८ सालीं शहाजीराजांस जिंजीच्या छावणींत कैद झाली, आणि त्यांच्या सुटकेसाठीं कोंडाणा किल्ला सोडावा लागला. थोरले पुत्र संभाजी कनकगिरीच्या वेढ्यांत पडले. १६५९ च्या नोव्हेंबरांत धाकटा पुत्र अफझलखानाच्या भेटीस प्रतापगडाखालीं उतरला, आणि पुढच्याच वर्षीं पन्हाळ्यास वेढ्यांत अडकला. त्या वेढ्यांतून मुलास सोडविण्यासाठीं जिजाबाई स्वतः निघण्यास सिद्ध झाल्याचें वर्णन परमानंदाच्या शिवभारतांत आहे. एक मुलगा गमावलेल्या आईनें दुसऱ्यास घरीं बसविलें असतें, तर जगानें तिला दोष दिला नसता. त्यांनीं तसें केलें नाहीं.

आतां ज्या प्रसंगाकडे आम्हांस वाचकांचें विशेष लक्ष वेधावयाचें आहे तो आला. जानेवारी १६६४ मध्यें शहाजीराजे कर्नाटकांत होदिगेरे येथें शिकारींत घोड्यावरून पडून वारले. जिजाबाईंनीं सहगमनाची तयारी केली. कुलीन विधवेनें तसें करावें ही त्या काळची रूढि, आणि तींत त्या काळास कांहीं वावगें दिसत नव्हतें. परंतु महाराजांनीं आईस मिठी घातली, तिच्या मांडीवर बसून शपथा घातल्या व तिला चितेपासून परत फिरविलें, असें बखरकार सांगतात. इंग्रज सरकारचा सतीबंदीचा कायदा १८२९ चा. त्याच्या १६५ वर्षें आधीं सह्याद्रीवरील एका मुलानें आपल्या घरापुरता तो कायदा केला.

यानंतर त्या माउली दहा वर्षें जगल्या. ही दहा वर्षें काय होतीं तें पाहा. जानेवारी १६६५ मध्यें महाबळेश्वरीं ग्रहणपर्वांत महाराजांनीं त्यांची सुवर्णतुला केली. विधवेस मंगल कार्यांत मागें सारणाऱ्या समाजासमोर तिला तराजूंत बसवून सन्मानिलें. त्याच वर्षीं पुरंदरच्या तहांत २३ किल्ले मोंगलांस द्यावे लागले. मार्च १६६६ मध्यें महाराज आठ वर्षांच्या संभाजीस घेऊन राजगडाहून आग्र्यास निघाले. राजा गेला, वारस गेला, निम्म्याहून अधिक किल्ले गेलेले, आणि आग्र्यास दोघेही कैदेंत! अशा वेळीं उरलेलें राज्य कोणाच्या हवालीं होतें? जिजाबाईंच्या. कारभारी व सेनानी त्यांच्या आज्ञेंत राहिले. महाराज सुटून परत आले तेव्हां राज्य जागच्या जागीं होतें. १६७० सालीं तानाजी मालुसऱ्यांनीं प्राण देऊन कोंडाणा परत आणला. ६ जून १६७४ रोजीं रायगडावर राज्याभिषेक झाला, तो त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला, आणि १७ जून रोजीं गडाच्या पायथ्याशीं पाचाड येथें देह ठेवला. जणूं काय हातांतलें काम पुरें झाल्याखेरीज त्यांस रजा घ्यावयाची नव्हती.

आमचा मुद्दा आतां स्पष्ट होईल. १६६४ सालीं ती चिता पेटली असती, तर १६६६ सालीं राज्य कोणीं राखलें असतें? घरांतील एका स्त्रीस जगूं दिलें, मान दिला, अधिकार दिला, म्हणून स्वराज्य टिकलें. राष्ट्राचें भवितव्य ज्या तराजूंत तोललें जातें तिचें एक पारडें घराच्या उंबरठ्याआंत असतें, हा या चरित्राचा अर्थ होय. जिजाबाई थोर कां, तर त्यांचा पुत्र थोर होता म्हणून, असें समजणारांस त्या चरित्राचा अर्धाच भाग कळला आहे.

आणि आतां सिंदखेडच्या या जिल्ह्याचा हिशेब पाहूं. २०११ च्या जनगणनेंत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत बुलढाणा जिल्ह्यांत दर हजार मुलग्यांमागें ८५५ मुली आढळल्या. सबंध राज्याचा आंकडा ८९४ होता, आणि निसर्गाच्या नियमानें तो ९५० च्या आसपास असावा. २००१ सालीं आमच्याच जिल्ह्यांत तो नऊशेंच्या वर होता. म्हणजे दहा वर्षांत शाळा वाढल्या, रस्ते वाढले, दवाखाने वाढले, आणि मुली तेवढ्या कमी झाल्या. ज्या मातींत जिजाबाई जन्मल्या त्याच मातींत लेकीस जन्म नाकारला जावा, यापेक्षां लाजिरवाणी गोष्ट कोणती? त्या दिवशीं वाड्यापुढें जयघोष करणाऱ्यांपैकीं किती घरांनीं हें पाप केलें असेल, याचा ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं विचार करावा.

कायदे नाहींत असें नव्हे. गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें १९८८ सालीं देशांत प्रथम केला, व १९९४ सालीं तो साऱ्या देशासाठीं झाला. वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस जन्मतः हक्क देणारा कायदाही महाराष्ट्रानें १९९४ सालीं व देशानें २००५ सालीं केला. परंतु कायद्याच्या पुस्तकांत हक्क लिहिला जातो, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरींत भाऊ बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतो! ती बिचारी माहेर तुटेल या भयानें सही करते, आणि आपण तिला भाऊबीजेची साडी देऊन मोकळे होतों. मुलगी म्हणजे खर्च व मुलगा म्हणजे जमा अशी खतावणी जोंवर घराघरांत चालूं आहे, तोंवर सरकारचा कोणताही कायदा पुरा पडणार नाहीं.

हा विचार आम्हीं बाहेरून आणलेला नाहीं. याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें पुस्तक लिहून पुरुषांच्या न्यायबुद्धीस भर चव्हाट्यावर जाब विचारला होता. त्या काळीं पुष्कळांस तें झोंबलें. जोतिराव फुल्यांनीं मात्र त्यांची बाजू घेतली. जिजाबाईंच्या जिल्ह्यास ताराबाईही लाभल्या, हें आमचें भाग्य. पण दोघींचें ऋण अद्याप फिटावयाचें आहे.

खामगांव, मलकापूर, चिखली, मेहकर येथील व्यापारी बंधूंस आमची विनंति आहे कीं, दुकानाच्या पाटीवर ‘आणि सन्स’ असें लिहिण्यापूर्वीं घरांतल्या लेकीस एकदां गल्ल्यावर बसवून पाहावें, आणि तिच्या लग्नाच्या खर्चासाठीं जेवढी तजवीज करतां तेवढीच तिच्या शिक्षणासाठीं करावी. तरुणांस आमचें सांगणें याहून थोडें कठोर आहे. तुमची छाती अभिमानानें फुगते हें योग्यच आहे. पण हुंडा घेणार नाहीं, बहिणीचा वाटा बुडविणार नाहीं, आणि आपल्या घरांत गर्भाची परीक्षा होऊं देणार नाहीं, या तीन गोष्टी ज्याच्यानें होत नाहींत त्यानें जिजाबाईंच्या वाड्यांत पाऊल टाकूं नये. तरुण मुलींस आम्ही एवढेंच म्हणतों कीं, राज्य राखणारी ती स्त्री तुमच्याच जिल्ह्याची होती. हक्कसोडपत्राचा कागद पुढें आला तर तिचें स्मरण करा आणि लेखणी खालीं ठेवा.

पुढील जनगणनेचे आंकडे जेव्हां प्रसिद्ध होतील, तेव्हां बुलढाणा जिल्ह्याच्या नांवापुढें कोणता आंकडा पडतो, त्यावरूनच सिंदखेडच्या उत्सवाचा खरेखोटेपणा ठरेल. तो आंकडा लिहिणें आजच्या तरुणांच्याच हातीं आहे.