विश्लेषण : प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम वेगवेगळे का घ्यावे लागतात? ८० वर्षांपूर्वीच्या अपूर्ण अहवालाची गोष्ट

घरचा जुना संगणक अद्ययावत करायला निघालेला ग्राहक दुकानात फक्त प्रोसेसर मागतो आणि परतताना मदरबोर्ड व रॅमही घेऊन येतो. गणना करणारा भाग वेगळा, साठवणारा वेगळा आणि दोघांमध्ये सतत ये-जा, ही विभागणी कागदावर नेमकेपणाने मांडली गेली ती १९४५ मध्ये. त्या कागदावर एकच नाव होते : जॉन फॉन नॉयमन. ते एकट्याचेच असायला हवे होते का, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

फॉन नॉयमन कोण होते?

२८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्टमधील सधन ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील बँकर. नावातले ‘फॉन’ आले ते कुटुंबाला १९१३ मध्ये मिळालेल्या सरदारकीच्या किताबामुळे. मुलाचा ओढा गणिताकडे, पण गणितावर पोट भरणार कसे, ही वडिलांची काळजी. ती मराठी घरांनाही अनोळखी नाही. तोडगा निघाला तो असा की, मुलाने झुरिचमध्ये रासायनिक अभियांत्रिकी शिकायची आणि सोबत बुडापेस्टला गणितात डॉक्टरेट करायची. १९२६ मध्ये दोन्ही पदव्या हाती आल्या. १९३० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले आणि १९३३ पासून तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीत प्राध्यापक झाले. आइन्स्टाइनही तिथेच होते. क्वांटम यांत्रिकीची गणिती बैठक आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेला गेम थिअरीवरील ग्रंथ, यातले कोणतेही एक काम त्यांचे नाव राहायला पुरेसे होते.

संगणकाकडे ते कसे वळले?

युद्धामुळे. अणुबॉम्बच्या प्रकल्पात लॉस अ‍ॅलामोस येथे स्फोटलहरींची जी गणिते होती, ती हाताने सुटण्यासारखी नव्हती. १९४४ च्या उन्हाळ्यात अ‍ॅबरडीन रेल्वे स्थानकाच्या फलाटावर त्यांची गाठ हर्मन गोल्डस्टाइन या लष्करी अधिकाऱ्याशी पडली. गोल्डस्टाइन हेही गणितज्ञच. फिलाडेल्फियात ‘एनिअ‍ॅक’ नावाचे यंत्र बनते आहे, हे फॉन नॉयमन यांना त्यांच्याकडून कळले.

या यंत्रात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या आणि सेकंदाला पाच हजार बेरजा होत. मात्र त्याच्या वेगवान स्मृतीत जेमतेम २० संख्या मावत. नवे गणित घ्यायचे तर तारा काढून पुन्हा जोडायच्या, कळी फिरवायच्या. त्यात कधी कधी काही दिवस जात. हे दुखणे त्याच्या निर्मात्यांना, प्रेस्पर एकर्ट आणि जॉन मॉकली यांना ठाऊक होते. पुढच्या ‘एडव्हॅक’ यंत्रासाठी पाऱ्याच्या नळ्यांतील स्मृतीचा विचार फॉन नॉयमन येण्याआधीच सुरू झाला होता.

अहवालात काय होते, वाद कशाचा?

चर्चांमध्ये सामील झालेल्या फॉन नॉयमन यांनी त्या सगळ्याचा तर्कशुद्ध आराखडा लिहून काढला. यंत्राचे भाग पाच : गणित करणारा, नियंत्रण ठेवणारा, स्मृती, माहिती आत घेणारा आणि बाहेर देणारा. कळीचा मुद्दा असा की, आकडे ज्या स्मृतीत, त्याच स्मृतीत सूचनाही. मग गणित बदलायला तारांना हात लावण्याची गरज नाही, सूचना बदलल्या की झाले. आजच्या प्रोसेसरमध्ये पहिले दोन भाग असतात, रॅम म्हणजे तिसरा आणि त्यांना जोडणारे रस्ते मदरबोर्डवर.

मसुदा अपूर्ण होता, संदर्भांच्या जागा कोऱ्या होत्या. गोल्डस्टाइन यांनी ३० जून १९४५ या तारखेने १०१ पानांचा तो मसुदा केवळ फॉन नॉयमन यांच्या नावाने वाटला. सहकाऱ्यांना श्रेय देणारी नोंद त्यात नव्हती. एकर्ट आणि मॉकली दुखावले ते साहजिकच. नुकसान केवळ मानाचे नव्हते. १९७३ मध्ये अमेरिकी न्यायालयाने एनिअ‍ॅकचे पेटंट रद्द ठरवले. त्याला इतरही मोठी कारणे होती, पण हा मसुदा आधीच प्रसिद्ध झालेला असणे हे त्यातले एक. ज्यांनी यंत्र उभे केले त्यांचे हात रिकामे राहिले आणि रचनेला नाव मिळाले ते मांडणाऱ्याचे. मांडणी अव्वल होती, हे मान्य करूनही हा हिशेब न्याय्य वाटत नाही.

दुसरी बाजूही आहे. कल्पना खुली राहिल्याने ती झपाट्याने पसरली. प्रिन्स्टनमध्ये फॉन नॉयमन यांनी स्वतःचे यंत्र बांधायला घेतले, ते १९५२ मध्ये लोकांसमोर आले. स्मृती ४० बिटांच्या १,०२४ शब्दांची, म्हणजे साधारण पाच किलोबाइट. आराखडे इतरांना दिले गेले आणि ठिकठिकाणी त्या धर्तीची यंत्रे उभी राहिली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’चा शब्दही ४० बिटांचाच होता.

आजच्या खरेदीशी याचा संबंध काय?

सूचना आणि आकडे एकाच वाटेने आणायचे, तर वेगवान प्रोसेसरही स्मृतीची वाट पाहत बसतो. या कोंडीला १९७७ मध्ये जॉन बॅकस यांनी ‘फॉन नॉयमन बॉटलनेक’ म्हटले. प्रोसेसरमधली कॅशे ही त्यावरची मलमपट्टी. एकाच क्षमतेच्या दोन रॅमपट्ट्या जोडीने लावल्या की रस्ता दुपदरी होतो, म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन सहसा बऱ्या. रॅमचे नियंत्रण आता प्रोसेसरच्या आतच असल्याने रॅमचा प्रकार तोच ठरवतो. एएमडीच्या एएम५ सॉकेटला डीडीआर५च लागते. इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीत डीडीआर४ की डीडीआर५, हे मदरबोर्ड पाहून ठरते. जुनी डीडीआर४ पट्टी डीडीआर५च्या खाचेत बसतच नाही. घरगुती वापराला महागडा प्रोसेसर आणि एकटी रॅमपट्टी, हा सौदा तोट्याचा. आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू करायला विसरले, तर वेगवान रॅमचे पैसे मोजूनही ती कमी वेगानेच चालते.

अखेरची वर्षे कशी गेली?

१९५५ मध्ये ते अमेरिकी अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी कर्करोगाचे निदान झाले. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. येल विद्यापीठातील व्याख्यानांसाठी संगणक आणि मेंदू यांची तुलना करणारे टिपण त्यांनी लिहायला घेतले होते. व्याख्याने झाली नाहीत. पत्नी क्लारा यांच्या प्रस्तावनेसह ते १९५८ मध्ये छापले गेले. क्लारा यांनी स्वतः एनिअ‍ॅकसाठी प्रोग्रॅम लिहिले होते. मेंदू एकेक पायरी चढत नाही, एकाच वेळी असंख्य कामे करतो, याचा शोध त्या टिपणात चालू होता. तो मजकूरही अर्धाच राहिला.