लिहिलेले परत वाचता यावे म्हणून

बोललेले ऐकून मजकूर टंकित करणारी सोय आता मोबाइलवर मराठीतही मिळते. दृष्टिहीनांना तिचा मोठा उपयोग होतो. पण यंत्राने नेमके काय लिहिले, हे त्यांनी तपासायचे कसे? स्क्रीन रीडर मजकूर वाचून दाखवतो खरा, मात्र ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक कानाला सहसा कळत नाही. मग एकेक अक्षर ऐकत बसावे लागते किंवा मजकूर ब्रेलमध्ये बोटांखाली यावा लागतो. ध्वनी टिपला म्हणजे लेखन झाले असे नाही, हे लुई ब्रेल याने शाळकरी वयातच ओळखले होते.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसच्या पूर्वेला असलेल्या कूप्व्रे या गावी झाला. वडील घोड्यांचे खोगीर आणि चामड्याचे सामान बनवत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कारखान्यात खेळत असताना हातातली आरी डोळ्यात घुसली. जखम चिघळली आणि दुसरा डोळाही गेला. शरीराची प्रतिकारशक्ती जखमी डोळ्यापाठोपाठ निरोगी डोळ्यावरही उलटण्याचा एक विकार आहे. लुईला तोच झाला असावा, असा तर्क आज केला जातो. पाचव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी पूर्ण गेली.

१८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाही संस्थेत दाखल झाला. तिथली पुस्तके उठावदार रोमन अक्षरांची होती. जड, महाग आणि बोटांनी वाचायला अतिशय संथ. शिवाय तसे लिहिणे मुलांना जमण्यासारखे नव्हते. त्यांच्या वाट्याला फक्त वाचन होते.

तोफखान्यातले माजी अधिकारी शार्ल बार्बिए यांनी १८२१ च्या सुमारास आपली ठिपक्यांची लिपी संस्थेपुढे ठेवली. तिच्यात प्रत्येक खूण एका ध्वनीची होती. जसे बोलतो तसे लिहायचे. कल्पना सोपी होती, पण शुद्धलेखनाला तिथे जागाच नव्हती, विरामचिन्हेही नव्हती. अंध माणसाला तेवढे पुरे, असा त्यामागचा समज असावा. लुईला तो मान्य नव्हता. डोळस मूल शब्द जसा शिकते तसाच त्याला हवा होता. त्यातच बारा ठिपक्यांचा उभा साचा एका बोटाच्या टोकात मावत नसे. लुईने ठिपके सहावर आणले आणि ध्वनीऐवजी अक्षर धरले. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, लिपीचा आराखडा तयार होता. पुस्तक निघाले १८२९ मध्ये.

ज्या आरीने डोळे गेले तशाच अवजाराने त्याने लिपी दिली, हा योगायोग चरित्रकारांना फार आवडतो. मला त्याच अवजाराची अडचण अधिक महत्त्वाची वाटते. टोच्याने पाटीवर उजवीकडून डावीकडे, उलट्या खुणांत लिहायचे; उठाव येतो कागदाच्या मागच्या बाजूला. चूक शोधायची तर कागद काढून उलटावा लागतो. पण तो उलटला की लिहिणाऱ्याला स्वतःचे लेखन वाचता येते, कोणाचीही मदत न घेता.

दुसरा प्रश्न उरलाच होता. ही लिपी घरच्या डोळसांना येत नव्हती. पत्र लिहायचे तर मजकूर दुसऱ्याला सांगायचा आणि त्याने तसाच लिहिला असेल यावर विश्वास ठेवायचा! तोपर्यंत त्याच संस्थेत शिक्षक झालेल्या ब्रेल यांनी १८३९ मध्ये नवी पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात नेहमीच्या अक्षरांचेच आकार ठिपक्यांनी उमटत. डोळसाने पाहून वाचावे, अंधाने चाचपून. काम मात्र किचकट होते, कारण प्रत्येक ठिपका मोजून टोचावा लागे. संस्थेचे माजी विद्यार्थी पिएर फूको हेही अंध होते आणि यंत्रांत तरबेज. त्यांनी १८४१ मध्ये दहा दट्ट्यांचे यंत्र बनवले. एका स्तंभातले हवे ते ठिपके एकदम पडू लागले. टाइपरायटर घरोघरी यायला अजून बराच अवधी होता.

इकडे संस्थेत १८४० मध्ये संचालक बदलले. अंधांची लिपी वेगळी असली तर ते समाजापासून तुटतील, या विचाराने नव्या संचालकांनी सहा ठिपक्यांची लिपी बाजूला सारली. मुलांनी ती सोडली नाही. चोरून लिहीत राहिली. १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या उद्घाटनात तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि विरोध मावळला.

ब्रेल यांना मात्र तरुणपणीच क्षयाने गाठले होते. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. शिकवणे, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणे, हे सारे आजारपण सांभाळूनच चालले. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले असताना, ते गेले. संस्थेने त्यांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती त्यानंतर दोन वर्षांनी.

भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये ‘दिन’च्या ऱ्हस्व इकाराला दुसरा आणि चौथा ठिपका आहे, ‘दीन’च्या दीर्घ ईकाराला तिसरा आणि पाचवा. संगणकाला जोडलेल्या ब्रेल पट्टीवर बोट फिरवले की हा फरक लगेच कळतो. १९५२ मध्ये ब्रेल यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये समारंभाने नेण्यात आले. कूप्व्रेच्या गावकऱ्यांनी त्यांचे हात मात्र गावातच ठेवून घेतले.