मुष्टियोद्धा जो लुई

अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा हे राज्य कापसाच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे. या राज्यातील लाफायेट गावाजवळ १३ मे १९१४ रोजी एका कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या घरी जो लुई बॅरो याचा जन्म झाला. त्याचे पूर्वज गुलाम होते. गुलामगिरी कायद्याने नाहीशी झाली होती. परंतु दारिद्र्य आणि अपमान मात्र नाहीसे झाले नव्हते. जोचे आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवीत. आठ भावंडांत जोचा क्रमांक सातवा होता. पुढे १९२६ साली पोटासाठी हे कुटुंब उत्तरेकडील डेट्रॉइट शहरी येऊन राहिले.

जोने व्हायोलिन शिकावे, अशी आईची फार इच्छा होती. पोटाला चिमटा घेऊन ती त्याच्या शिकवणीचे पैसे देई. जोचे मन मात्र मुष्टियुद्धाकडे ओढ घेत होते. तो व्हायोलिनच्या पेटीत मुष्टियुद्धाचे हातमोजे दडवून व्यायामशाळेत जाऊ लागला. १९३२ साली आपल्या पहिल्याच सामन्यात तो अनेकदा खाली पडला आणि हरला. तथापि त्याने सराव सोडला नाही. १९३४ साली तो धंदेवाईक मुष्टियोद्धा झाला. जॅक ब्लॅकबर्न हा कसलेला मुष्टियोद्धा त्याला गुरू म्हणून लाभला.

मुष्टियुद्धात खेळाडूंच्या वजनाप्रमाणे गट पाडलेले असतात. त्यांतील सर्वांत वजनदार खेळाडूंचा गट म्हणजे हेवीवेट गट होय. प्रत्येक फेरी तीन मिनिटांची असते आणि दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट विश्रांती मिळते. जगज्जेतेपदाचा सामना त्या काळी पंधरा फेऱ्यांचा असे. खाली पडलेला खेळाडू दहा आकडे मोजून होईपर्यंत उठला नाही, तर तो बाद ठरतो. कोणीच बाद झाले नाही, तर पंच गुणांवरून निकाल देतात.

जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय वीराने १९१५ साली हेवीवेटचे जगज्जेतेपद गमावले होते. त्यानंतर कित्येक वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला त्या पदासाठी लढण्याची संधी देण्यात आली नाही. म्हणून जोच्या व्यवस्थापकांनी त्याला कडक नियम घालून दिले होते. स्वच्छ खेळावे, स्वच्छ राहावे आणि हरलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे कधीही तोरा मिरवू नये, असे ते नियम होते. जोने ते निष्ठेने पाळले.

१९३६ साली जो बावीस वर्षांचा होता. तोपर्यंत त्याने एकही धंदेवाईक सामना गमावला नव्हता. त्याचा पुढचा प्रतिस्पर्धी जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग हा तीस वर्षांचा माजी जगज्जेता होता. त्याचे दिवस सरले, असे सर्वांना वाटत होते. जोलाही तसेच वाटले. सराव सोडून तो गोल्फ खेळण्यात रमला. श्मेलिंग मात्र जोच्या सामन्यांचे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहत होता. डाव्या हाताचा ठोसा मारल्यावर जो तो हात किंचित खाली आणतो आणि त्या क्षणी त्याचा चेहरा उघडा पडतो, ही उणीव त्याच्या ध्यानात आली. १९ जून १९३६ रोजी न्यूयॉर्क येथे श्मेलिंगचा उजवा ठोसा त्याच फटीतून वारंवार आत शिरला. बाराव्या फेरीत जो बाद झाला. त्या रात्री अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर शोककळा पसरली.

जोने पराभवाबद्दल कोणालाही दोष दिला नाही. ब्लॅकबर्नच्या देखरेखीखाली त्याने पुन्हा कसून सराव केला आणि डावा हात ताबडतोब वर आणण्याची सवय अंगी बाणवली. २२ जून १९३७ रोजी शिकागो येथे जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत बाद करून तो जगज्जेता झाला. पहिल्याच फेरीत ब्रॅडॉकने त्याला खाली पाडले होते. पण तो उठला आणि जिंकला. तथापि श्मेलिंगला हरविल्याखेरीज आपण खरे जगज्जेते नाही, अशी त्याची स्वतःची धारणा होती.

हा योग २२ जून १९३८ रोजी आला. त्या वेळी जर्मनीत हिटलरची सत्ता होती. काही वंश जन्मानेच श्रेष्ठ असतात, असा प्रचार त्याचे अनुयायी करीत. त्यामुळे या सामन्याला दोन खेळाडूंच्या झुंजीपेक्षा मोठे रूप आले. यांकी स्टेडियममध्ये सुमारे सत्तर हजार प्रेक्षक जमले आणि कोट्यवधी लोक रेडिओला कान लावून बसले. सामना अवघा १२४ सेकंद चालला. तेवढ्या वेळात श्मेलिंग तीनदा खाली पडला आणि पंचांनी सामना थांबविला. ज्या देशात जोला कित्येक उपाहारगृहांत प्रवेश मिळत नसे, त्याच देशाने त्याला डोक्यावर घेतले. श्मेलिंग स्वतः हिटलरच्या पक्षाचा सभासद कधीच झाला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बर्लिनमध्ये ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा त्याने दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत लपवून वाचविले.

यानंतर जो एकामागून एक सामने जिंकत गेला. डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत त्याने सात वेळा आपले पद राखले. दुबळे प्रतिस्पर्धी मिळतात म्हणून तो जिंकतो, अशी थट्टा काही वृत्तपत्रे करू लागली. सातव्या सामन्याने त्या थट्टेला उत्तर दिले. १८ जून १९४१ रोजी त्याच्यासमोर बिली कॉन उभा राहिला. तो जोपेक्षा सुमारे पंचवीस पौंडांनी हलका होता. परंतु त्याची चपळाई विजेसारखी होती. बारा फेऱ्या झाल्या, तेव्हा तिघांपैकी दोघा पंचांच्या गुणांत कॉन पुढे होता. उरलेल्या तीन फेऱ्या सावधपणे खेळला असता, तर तो जगज्जेता झाला असता. पण जोला बाद करण्याचा मोह त्याला आवरला नाही. तो जवळ येऊन झुंजू लागला आणि जो याच संधीची वाट पाहत होता. तेरावी फेरी संपण्यास दोन सेकंद उरले असताना कॉन बाद झाला.

दुसऱ्या महायुद्धात जो सैन्यात दाखल झाला. त्यापूर्वी जानेवारी १९४२ मधील सामन्याची आपली सर्व कमाई त्याने नौदलाच्या मदतनिधीला दिली होती. त्या नौदलात कृष्णवर्णीयांना बहुधा भोजनगृहातील कामावरच घेत असत. तरीही त्याने हात आखडता घेतला नाही.

युद्धानंतर त्याची गाठ जर्सी जो वॉलकॉटशी पडली. गरिबीशी झगडत मोठा झालेला वॉलकॉट पायांच्या फसव्या हालचालींत निष्णात होता. ५ डिसेंबर १९४७ रोजी त्याने जोला दोनदा खाली पाडले. आपण हरलो, असे वाटून जो निकालापूर्वीच रिंगणाबाहेर पडू लागला. परंतु तिघांपैकी दोघा पंचांनी जोला विजयी ठरविले. प्रेक्षकांना हा निकाल रुचला नाही. सहा महिन्यांनी जोने वॉलकॉटशी पुन्हा सामना केला आणि अकराव्या फेरीत त्याला बाद करून सर्व शंका दूर केल्या.

१९४९ साली जोने निवृत्ती पत्करली. अकरा वर्षांहून अधिक काळ त्याने जगज्जेतेपद राखले होते आणि त्यासाठी पंचवीस सामने जिंकले होते. पण आयकराची मोठी थकबाकी त्याच्या डोक्यावर होती. ते ऋण फेडण्यासाठी त्याला पुन्हा रिंगणात उतरावे लागले. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी तरुण रॉकी मार्सियानोने सदतीस वर्षांच्या जोला आठव्या फेरीत बाद केले. तो त्याचा अखेरचा सामना ठरला.

जोचा सर्वांत कठीण प्रतिस्पर्धी कोण होता? मार्सियानोचे बळ अफाट होते. परंतु तो भेटला, तेव्हा जोचा उमेदीचा काळ सरला होता. वॉलकॉटने त्याला अधिक वेळा खाली पाडले, तेव्हाही जोच्या पायांतील चपळाई ओसरली होती. कॉनशी झुंजताना जो ऐन भरात होता, म्हणून कॉनची योग्यता मोठी आहे. तरीही पहिला मान श्मेलिंगलाच द्यावा लागतो. भरभराटीच्या काळात जोला बाद करणारा तो एकटाच होता. त्याने जोची जी उणीव जगापुढे उघडी केली, ती दूर केल्यामुळेच जो अधिक समर्थ झाला.

युद्ध संपल्यावर हे दोन प्रतिस्पर्धी जिवलग मित्र झाले. जोला वाईट दिवस आले, तेव्हा श्मेलिंगने त्याला साहाय्य केले. १२ एप्रिल १९८१ रोजी जो लुईचे निधन झाले. अमेरिकेच्या शूर सैनिकांची जेथे समाधिस्थाने आहेत, त्या आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्याला सन्मानाने चिरविश्रांती देण्यात आली.